शुगर मोजली, घास मोजायचा राहिला

मधुमेहाच्या पेशंटचा एक प्रश्न ठरलेला असतो. रिपोर्ट बघून होतात, गोळ्या लिहून होतात आणि खुर्चीवरून उठता उठता ते हळूच विचारतात, "डॉक्टर, गोड अगदीच बंद का?"

बरीच वर्षं माझं उत्तर एका शब्दाचं होतं. "बंद." घरी आईलाही मी हेच सांगत आले. तिला मधुमेह होऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती आणि गोडाची आवड जन्मापासूनची. एकदा तिची चादर बदलताना उशीखाली पेढ्याचा चुरगळलेला कागद सापडला. मी चिडले. ती काही बोलली नाही. त्यानंतर कागद सापडला नाही, पण शुगर तशीच वर राहिली. म्हणजे आईने पेढा सोडला नव्हता, फक्त जागा बदलली होती.

"बंद" या शब्दाने पेशंटचं खाणं थांबत नाही, सांगणं थांबतं. हे मला कळलं ते दवाखान्यात नाही, तर टोकियोत जपानी मिठाई शिकताना. तीही एका चुकीमुळे, आणि ती चूक माझीच होती.

टोकियोतल्या रिकाम्या दुपारी

नवऱ्याची कंपनीने तीन वर्षांसाठी टोकियोला बदली केली. आम्ही निशी-कासाई भागात राहत होतो. तिथे भारतीय कुटुंबं भरपूर, त्यामुळे दुकानात तूरडाळ मिळायची आणि लिफ्टमध्ये मराठी ऐकू यायची. पण तिथली परीक्षा आणि परवाना असल्याशिवाय मला प्रॅक्टिस करता येणार नव्हती. वीस वर्षांत पहिल्यांदाच दुपार रिकामी होती.

जवळच्या समाजमंदिरासारख्या सभागृहात महिन्यातून दोनदा वागाशीचा वर्ग चालायचा. वागाशी म्हणजे पारंपरिक जपानी मिठाई. शिकवणारे सेन्सेई सत्तरीचे, आयुष्यभर मिठाईच्या दुकानात काम करून निवृत्त झालेले. आई हिवाळ्यात तीन महिने आमच्याकडे राहायला येणार होती. तिला चालेल असं एखादं गोड शिकावं, एवढ्याच हेतूने मी नाव घातलं.

पहिल्याच दिवशी सेन्सेईंनी एक गोष्ट सांगितली. इसवी सन ८४८ मध्ये देशात रोगाची साथ होती. तेव्हा सम्राट निन्म्यो यांनी काळाचं नाव बदलून 'काजो' ठेवलं आणि सहाव्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी देवापुढे सोळा मिठाया ठेवून साथ टळावी म्हणून प्रार्थना केली, अशी परंपरा आहे. त्याच आठवणीने १९७९ सालापासून १६ जून हा दिवस तिथे 'वागाशी दिन' म्हणून पाळतात. गोष्ट सांगून ते माझ्याकडे वळून हसले. "डॉक्टरबाई, एके काळी आम्हीही औषधच देत होतो."

हे तर पुरणच!

बहुतेक वागाशीचा जीव 'आन्को'त असतो. आन्को म्हणजे आझुकी नावाच्या लालसर, चवळीपेक्षा लहान कडधान्याचं गोड सारण. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आझुकी आपल्या मूग, मटकी, उडीद आणि चवळीच्याच कुळातली. या सगळ्या 'विग्ना' या एकाच प्रजातिगटातल्या बहिणी.

आझुकी भिजत घालावी लागत नाही. ती उकळायला ठेवायची आणि पहिलं पाणी टाकून द्यायचं, म्हणजे तुरटपणा निघून जातो. मग नव्या पाण्यात तासभर, दाणा दोन बोटांत सहज चिरडेपर्यंत शिजवायची. सालासकट आटवली तर ते 'त्सुबुआन'. मऊसूत हवं असेल तर चाळणीतून घासून सालं काढायची, खाली आलेला लगदा पाण्यात धुवायचा, निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतायचं आणि फडक्यात बांधून पिळायचं. आत श्रीखंडाच्या चक्क्यासारखा कोरडा गोळा राहतो. त्यात साखर घालून तो आटवला की 'कोशिआन'.

घरी मी चाळणीऐवजी पुरणयंत्र काढलं. काम अर्ध्या वेळात झालं. आपण पुरणात उलथनं उभं राहतं का बघतो, तिथे पातेल्याच्या तळावर उलथन्याने रेघ ओढायची. ती लगेच बुजली नाही की आन्को तयार.

वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. सालं काढली की चोथाही जातो. चोथा साखर रक्तात जाण्याचा वेग कमी करतो. त्यामुळे निवड करायचीच असेल तर सालासकटचं सारण बरं. पण "कडधान्याची मिठाई म्हणजे पौष्टिक" या समजुतीत कोणी राहू नये. का, ते पुढे बघा.

साखर निम्मी केली आणि फसले

घरी पहिल्यांदा आन्को केलं तेव्हा मी डॉक्टरी डोकं चालवलं. २५० ग्रॅम आझुकीला सेन्सेईंनी जवळजवळ तेवढीच साखर सांगितली होती. मी सरळ निम्मी घातली. सारणाला चकाकी आली नाही, गोळे वळताना भेगा पडल्या आणि फ्रिजमध्ये ठेवूनही तिसऱ्या दिवशी आंबूस वास आला.

साखर फक्त गोडी देत नाही. ती पाणी स्वतःशी धरून ठेवते. त्यामुळे जंतूंना वाढायला पाणी मिळत नाही आणि मिठाई टिकते. तांदळाच्या पिठाच्या मिठाईत तीच साखर पीठ कडक होऊ देत नाही. म्हणून नुसती मोची दुसऱ्या दिवशी दगड होते, तर साखर घातलेलं आवरण मऊ राहतं. आपला लाडू, मुरांबा, बर्फी टिकतात त्यामागेही हेच कारण आहे.

सेन्सेईंना माझा पराक्रम सांगितला. ते म्हणाले, "साखर कमी हवी असेल तर मिठाई लहान करा. मिठाईतली साखर काढू नका." तेव्हा मला ते दुकानदाराचं बोलणं वाटलं होतं.

एका गोळ्याचा हिशेब

वर्गात प्रत्येक गोष्ट वजनकाट्यावर चालायची. 'नेरिकिरी' नावाची मिठाई घ्या. फुलांच्या, पानांच्या आकाराची जी सुंदर मिठाई फोटोत दिसते, ती बहुतेकदा हीच. पांढऱ्या घेवड्याच्या जातीच्या दाण्यांचं सारण करायचं, ते आटवून त्यात चिकट तांदळाच्या पिठाची थोडी गोड उकड मळायची आणि रंग द्यायचा. २५ ग्रॅमचं हे आवरण तळव्यावर पसरायचं, त्यात १५ ग्रॅम आन्कोचा गोळा ठेवून बंद करायचं. मग लाकडी त्रिकोणी पट्टीच्या धारेने पाकळ्यांच्या रेघा ओढायच्या.

मी घातलेल्या साखरेवरून हिशेब मांडला. ४० ग्रॅमच्या एका नेरिकिरीत साधारण १६ ग्रॅम साखर येते, म्हणजे चहाचे चार सपाट चमचे. दाण्यांमधलं पिष्ट धरलं तर एकूण कर्बोदकं सुमारे २४ ग्रॅम, एका पोळीपेक्षा थोडी जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला असा आहे, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगलं. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका फुलात त्यातली निम्म्याहून जास्त संपली.

पण ती मिठाई खातात कशी, तेही मी बघत होते. कागदावर एकच नग. सुगंधी लाकडाच्या छोट्या काडीने, तिला कुरोमोजी म्हणतात, तिचे तीन-चार तुकडे करायचे. एकेक तुकडा सावकाश खायचा. सगळं संपल्यावर बिनसाखरेचा कडू माच्चा चहा. दुसरा नग कोणी मागत नाही. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. मला आठवलं, माझे पेशंट लग्नातले दोन गुलाबजाम उभ्या उभ्या, कोणी बघत नाही ना याची खात्री करत, अर्ध्या मिनिटात संपवतात. चवही लागत नाही आणि अपराधी वाटतं ते वेगळंच.

दोन जानेवारी

आई ऑक्टोबरच्या शेवटी आली. रोज सकाळी ग्लुकोमीटर, औषधं वेळेवर, समोरच्या बागेत चालणं, सगळं चोख सुरू होतं. नव्या वर्षाला मी ठरवलं की तिला 'दाइफुकु' खायला घालायचं. दाइफुकु म्हणजे आन्कोचा गोळा, वर मऊ मोचीचं आवरण. चिकट तांदळाचं पीठ, साखर आणि पाणी मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं, मध्ये एकदा घोटून. मग बटाट्याच्या स्टार्चवर पसरून गोळे वळायचे. या वेळी गोळे लहान केले होते. आईच्या दुपारच्या जेवणातला भात काढून टाकला होता. आधी शुगर तपासली, १३८ आली. मी खूश होते.

आईने अर्धा दाइफुकु एका घासात तोंडात टाकला आणि आमच्या गल्लीतल्या कोणाची तरी गंमत सांगायला लागली. सांगता सांगता हसली. आणि आवाज बंद झाला.

खोकला नाही, शब्द नाही. डोळे मोठे झाले आणि हात गळ्याकडे गेला. मी नवऱ्याला ओरडून ११९ फिरवायला सांगितलं, तो तिकडचा अँब्युलन्सचा नंबर. आईला पुढे वाकवलं आणि दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने जोरात थाप मारली. एक, दोन, तीन. चौथ्या थापेला पांढरा गोळा टेबलावर पडला आणि आईने भात्यासारखा श्वास घेतला.

अँब्युलन्सच्या माणसांनी येऊन तिचा ऑक्सिजन बघितला, छाती तपासली. सगळं ठीक होतं. ती माणसं गेल्यावर माझे हात थरथरायला लागले. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "शुगर मोजलीस बाई, दात नाही मोजलेस."

आईला वरची कवळी आहे. तिचं तोंड औषधांमुळे कोरडं पडतं, हे तिने मला दोनदा सांगितलं होतं. सेन्सेईंनी डिसेंबरच्या वर्गात बजावलं होतं की म्हाताऱ्या माणसांना मोची बारीक तुकडे करून द्या. टोकियोचं अग्निशमन दल दरवर्षी नव्या वर्षाच्या तोंडावर हाच इशारा देतं, कारण त्या दिवसांत मोची घशात अडकून अनेक वृद्धांना दवाखान्यात न्यावं लागतं, काही दगावतातही. मला हे सगळं माहीत होतं. पण माझ्यासाठी आई म्हणजे एक शुगरचा आकडा झाली होती. बाकीची आई मी बघितलीच नव्हती.

मोचीच का अडकते?

आपल्या रोजच्या तांदळात दोन प्रकारचं पिष्ट असतं, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. मोचीच्या तांदळात जवळजवळ सगळं अमायलोपेक्टिनच असतं. त्याच्या फांद्याफांद्यांच्या रचनेमुळे शिजल्यावर रबरासारखा चिकट गोळा होतो. गरम असताना तो मऊ असतो. तोंडात आणि घशात थंड होत गेला की घट्ट आणि जास्त चिकट होतो. (याला 'ग्लुटिनस' तांदूळ म्हणत असले तरी त्यात गव्हातलं ग्लुटेन नसतं.) हेच पिष्ट पचतंही झटपट, म्हणून मोचीने शुगर लवकर चढते.

वय वाढलं की लाळ कमी होते, चावायची ताकद कमी होते, गिळण्याची क्रिया मंदावते. ज्यांना पक्षाघात होऊन गेला आहे, कंपवात आहे, कवळी आहे किंवा तोंड कोरडं पडतं, त्यांना धोका जास्त. आता आपल्या शहरांतही मोची आणि मोची आइस्क्रीम मिळू लागलं आहे, नातवंडं ते हौसेने आजीसाठी आणतात, म्हणून हे लिहिते आहे. आणि घास काही फक्त मोचीचाच अडकत नाही. घाईने खाल्लेला पेढा, कोरडा लाडू, केळ्याचा मोठा तुकडाही अडकतो. लहान मुलांना शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं.

घास अडकला तर

माणूस जोरात खोकत असेल, बोलू शकत असेल तर त्याला खोकू द्या. पाणी पाजू नका, पाठीत मारू नका.

खोकला येत नाही, आवाज निघत नाही, ओठ निळे पडताहेत, असं दिसलं तर:

१. कोणाला तरी १०८ किंवा ११२ ला फोन करायला सांगा.

२. माणसाला पुढे वाकवा. एका हाताने छातीला आधार द्या आणि दुसऱ्या तळहाताच्या टाचेने फऱ्यांच्या मध्ये ५ जोरदार थापा मारा.

३. घास निघाला नाही तर मागे उभे राहा. मूठ बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि आत व वरच्या दिशेने ५ झटके द्या. गरोदर बाई किंवा फार लठ्ठ माणूस असेल तर झटके छातीच्या मध्यावर द्या.

४. घास निघेपर्यंत ५ थापा, ५ झटके असं आलटून पालटून करत राहा.

५. माणूस बेशुद्ध पडला तर जमिनीवर झोपवून छाती दाबण्याची क्रिया, म्हणजे सीपीआर, सुरू करा. दिसत नसताना घशात बोट घालू नका, घास आणखी आत जातो.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके कधीही द्यायचे नाहीत. त्याला हातावर पालथं धरून पाठीवर ५ थापा आणि उताणं करून छातीवर ५ दाब द्यायचे.

पोटावर झटके दिले असतील तर घास निघाल्यावरही डॉक्टरांना दाखवा. पुढच्या काही दिवसांत ताप, खोकला, धाप असं काही झालं तरी दाखवा, कारण बारीक कण फुप्फुसात गेलेला असू शकतो. आणि शक्य असेल तर हे सगळं प्रत्यक्ष प्रशिक्षण घेऊन शिका. वाचून कळतं, पण हात सरावानेच चालतात.

उरलेले चार आठवडे

त्यानंतर मोची बंद झाली, गोड मात्र चालू राहिलं. आम्ही नेरिकिरी करू लागलो, तांदळाची उकड न घालता. आकार जरा कमी रेखीव येतो, पण मिठाई तोंडात चिकटत नाही, विरघळून जाते. आईला भाषा येत नव्हती, तरी एका वर्गाला ती माझ्याबरोबर आली. मला सहा महिन्यांत न जमलेलं आवरण तिने पहिल्या झटक्यात बंद केलं. अंगठ्याने गोळा आत दाबत, बोटांनी कड वर घेत. सेन्सेई बघतच राहिले. उकडीच्या मोदकाला पन्नास वर्षं कळ्या पाडलेला हात होता तो.

गोळ्याचं वजन आम्ही २० ग्रॅमवर आणलं. म्हणजे साखर ८ ग्रॅम, कर्बोदकं १२. आठवड्यातून दोनदा, दुपारच्या जेवणानंतर, त्या दिवशी अर्धी पोळी कमी. काडीने चार तुकडे, प्रत्येक तुकड्याआधी पाण्याचा घोट, टेबलाशी ताठ बसून, आणि खाताना गप्पा नाहीत. दोन तासांनी शुगर बघायची. आकडा जास्त आला तर पुढच्या वेळी काय बदलायचं ते दोघींनी मिळून ठरवायचं. सेन्सेईंचं ते दुकानदारी वाक्य मला तेव्हा पटलं.

आई परत गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मीही परत आले, दवाखाना पुन्हा सुरू झाला. आई अजून गोड खाते, पण आता फोनवर सांगते, "आज अर्धा पेढा खाल्ला, भात घेतला नाही." तिचं एचबीए१सी पूर्वीपेक्षा बरं आहे. ते वागाशीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. औषधं, चालणं, वय लक्षात घेऊन ठरवलेलं उद्दिष्ट, सगळ्याचा त्यात वाटा आहे. पण ती मला खरं सांगते, त्यामुळे मला तिचे डोस नीट ठरवता येतात.

म्हणून आता "गोड अगदीच बंद का?" असं कोणी विचारलं की मी आधी प्रश्न विचारते. काय आवडतं? केवढं खाता? कधी, कोणाबरोबर? दात कसे आहेत? गिळताना ठसका लागतो का? मग आकडे बघते. काही पेशंटना खरंच काही काळ बंद सांगावं लागतं, ज्यांची शुगर फार वाढलेली आहे त्यांना. काहींना आठवड्याला एक छोटा तुकडा चालतो. साखरेऐवजी गूळ घातला तर चालेल का, याचं उत्तर मात्र सगळ्यांना एकच: गुळाने शुगर तितकीच वाढते. जे इन्शुलिन घेतात त्यांनी गोडासाठी डोस स्वतःच्या मनाने वाढवू नये. आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावं.

एवढं करा. खाल्लेलं आमच्यापासून लपवू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात गोडाचा घास द्याल तेव्हा तो लहान करून द्या, शेजारी बसा आणि गिळून होईपर्यंत त्यांना हसवू नका.